कॉम्प्युटर रिपेअर आणि सपोर्ट, जळगाव आणि आजूबाजूचे तालुके: लोक आम्हाला नेहमी विचारतात ते प्रश्न

आमच्याकडे दिवसभर फोन चालू असतात आणि प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाची इथे लिहून टाकली. मी आणि माझ्यासोबतची दोन मुलं, आम्ही घरचे कॉम्प्युटर-लॅपटॉप बघतो आणि छोटे दुकानदार, कृषी सेवा केंद्र, जिनिंग, क्लासेस, डॉक्टरांचे दवाखाने यांचं कामही करतो. इथलं वाचून तुमचं काम घरच्या घरी झालं तर आम्हाला बोलवायची गरजच नाही, आणि ते चांगलंच आहे.

बघायला यायचे किती घेता?

जळगाव शहरात २०० रुपये. भुसावळ, धरणगाव, एरंडोल, पाचोरा या साईडला ३५०, कारण पेट्रोल आणि अर्धा दिवस जातो, पण त्याच रस्त्यावर अजून एखादं काम असेल तर तुम्हाला पण २०० च लावतो. काम आमच्याकडून करून घेतलं तर हे पैसे बिलातून वजा. मशीन तुम्हीच आणून दिलं तर बघायचे काहीच नाही.

आधी बघतो, मग काय बिघडलंय आणि किती लागतील ते सांगतो, तुम्ही हो म्हटल्याशिवाय स्क्रू पण काढत नाही. जो पार्ट बदलला तो जुना पार्ट तुमच्या हातात परत देतो. नवीन पार्टचं बिल तुमच्या नावाने, वॉरंटी पण तुमच्याच नावाने. जुना पार्ट मागायला लोक लाजतात, पण तो तुमच्या पैशाचा आहे, कुठेही काम केलं तरी मागून घ्या.

फोनवर सांगून नाही का होणार?

होतं ना, खूपदा होतं. आणि फोनवर सांगायचे आम्ही पैसे घेत नाही. मॉनिटरचं वेगळं बटन बंद राहिलेलं असतं, झाडू मारताना मागची वायर ढिली झालेली असते, एक्स्टेंशन बोर्डाचं बटन कोणीतरी दाबलेलं असतं. फोन करताना मशीनसमोर बसून करा आणि स्क्रीनवर जे लिहून आलंय त्याचा फोटो काढून पाठवा. "काहीतरी इंग्रजीत येतंय" एवढ्यावरून आम्हाला काही सांगता येत नाही.

कॉम्प्युटर फारच स्लो झालाय, आता नवीनच घ्यावा लागेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटनं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, तिथे डिस्कच्या खाली बघा. मशीन नुसतं बसलंय, तुम्ही काहीच उघडलेलं नाही, तरी तिथे १०० टक्के दाखवत असेल तर दोष बहुतेक जुन्या फिरत्या हार्डडिस्कचा आहे, प्रोसेसरचा नाही. ती काढून विंडोज एसएसडीवर (म्हणजे आत काही न फिरणाऱ्या, चिपवाल्या डिस्कवर) घ्यायचं. साधी हार्डडिस्क सेकंदाला १०० ते १५० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी ५०० च्या आसपास, आणि विंडोज चालू होताना ज्या हजारो बारीक बारीक फायली वाचाव्या लागतात तिथे तर हा फरक अजून खूप वाढतो. ज्या मशीनला चालू व्हायला चार मिनिटं लागायची ते अर्ध्या मिनिटात चालू होतं, हे आम्ही रोज बघतो.

एसएसडीचा भाव सारखा खालीवर होतो म्हणून इथे लिहीत नाही, त्या दिवशीचा भाव विचारा. आमची मजुरी ४०० रुपये, त्यात तुमचं जुनं विंडोज, टॅली, फोटो, सगळं जसंच्या तसं नव्यावर उचलून देणं आलं. जुनी डिस्क चांगली असेल तर तीच आत फोटो-व्हिडिओ ठेवायला लावून देतो. रॅम ४ जीबी असेल आणि क्रोममध्ये दहा-पंधरा टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर ८ करून घ्या. आणि एक बघा, दोन-दोन अँटिव्हायरस टाकलेले असतात, दोघं मिळून मशीनची वाट लावतात. विंडोजसोबत जो डिफेंडर येतो तो घरी आणि छोट्या दुकानाला पुरतो, तो अपडेट होत राहिला पाहिजे फक्त.

विंडोज १० बंद झालं म्हणतात, मग आमचं मशीन भंगारात टाकायचं का?

नाही हो. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला, म्हणजे नेहमीची सुरक्षेची अपडेट यायची बंद झाली, मशीन बंद पडत नाही. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा त्याच्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) लागतं. टीपीएम बऱ्याच मशीनमध्ये असतं पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची मशीनची मूळ सेटिंग) बंद करून ठेवलेलं असतं, ते चालू केलं की झालं, तेव्हा "तुमचं मशीन चालणार नाही" असं कोणी सांगितलं तर आधी हे तपासायला लावा. घरच्या मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जास्तीची सुरक्षा अपडेट मिळायची सोय मायक्रोसॉफ्टने दिलेली आहे, तेवढ्या वेळात शांतपणे ठरवा. फक्त यूट्यूब, मेल, मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर जुन्या मशीनवर लिनक्स मिंट टाकून देतो, ते फुकट आहे आणि हलकं आहे. पण टॅली असेल तर लिनक्सच्या नादाला लागू नका, टॅली विंडोजवरच चालवायचं.

उन्हाळ्यात कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो, असं का?

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत किंवा गोडाऊनमध्ये तर विचारूच नका. प्रोसेसर एका मर्यादेच्या वर तापला की स्वतःला वाचवायला मशीन बंद करून टाकतो. व्हायरस नाही तो. आधी आतली धूळ काढा. प्रोसेसर आणि त्याच्यावरच्या ॲल्युमिनियमच्या मध्ये जी पेस्ट असते ती चार-पाच वर्षांत सुकून खडूसारखी होते, ती बदलावी लागते. सफाई आणि पेस्ट मिळून ३०० रुपये.

जिनिंगवाल्यांना खास सांगतो. मागच्या सीझनला एका जिनिंगच्या ऑफिसमधलं मशीन उघडलं, दिवाळीला सीझन चालू झाला आणि आम्ही गेलो संक्रांतीनंतर, तर फॅनच्या पात्यांमध्ये आणि खालच्या जाळीत रुईचा थर बसलेला, बोटाने धरून ओढला तर गोधडीचा तुकडा निघावा तसा अखंड निघून आला. फॅन फिरत होता पण हवा खाली जातच नव्हती. मालक नवीन कॉम्प्युटरचं कोटेशन घेऊन बसले होते, काम ३०० रुपयांत झालं. सीझनमध्ये दर महिन्याला सफाई करा आणि कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा, रुई खालीच उडते.

आणि कूलर. कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका. आत गंज चढतो, रॅमच्या पिवळ्या पट्टीवर थर बसतो आणि मग चालू करताना बीप बीप वाजतं पण डिस्प्ले येत नाही. असं झालं तर लाईटची पिन काढून रॅम बाहेर घ्या, पट्टीला शाळेतलं साधं खोडरबर हलक्या हाताने घासा आणि कट्ट असा आवाज येईपर्यंत दाबून बसवा. पुष्कळ वेळा एवढ्यावर चालू होतं.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, चालतं का तसं?

नाही चालत. याचा अर्थ अर्थिंग नाही. पॉवर सप्लायमध्ये जे फिल्टर असतं ते थोडा करंट अर्थिंगमध्ये सोडतं, अर्थिंगच नसलं की तो कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन थांबतो, मीटर लावलं तर २३० च्या निम्मे म्हणजे ११० च्या आसपास व्होल्ट दिसतात. करंट फार थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, पण याच कारणाने टीव्ही किंवा प्रिंटरची केबल चालू मशीनला लावताना पोर्ट जळतात, आणि खरोखर शॉर्ट झाला तर तुम्हाला वाचवायला काही नसतं. आम्ही आलो की मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंग तपासून सांगतो, त्याचे पैसे नाहीत. पुढचं काम वायरमनचं. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असेल तर उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकत जा, जमीन कोरडी पडली की अर्थिंग काम करत नाही. घरात लहान मुलं असतील तर हे काम एसएसडीच्या आधी करा.

यूपीएस आहे तरी लाईट गेली की कॉम्प्युटर लगेच बंद होतो.

बॅटरी संपली. आत १२ व्होल्ट ७ एएचची एकच छोटी बॅटरी असते, दोन-तीन वर्षं चालते, आपल्या गरमीत कधी त्याच्या आधीच जाते. यूपीएस बदलू नका, बॅटरी बदला. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, तो गरम होताना एकदम एवढा लोड घेतो की यूपीएस ट्रिप होतो.

टॅलीचा बॅकअप आम्ही डी ड्राइव्हमध्ये घेतो, तेवढं पुरे ना?

नाही, अजिबात नाही, आणि ही गोष्ट मी हात जोडून सांगतो. सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन खोल्या आहेत. घर पडलं तर दोन्ही खोल्या पडणार.

माझ्या सख्ख्या काकांचं कृषी सेवा केंद्र आहे. खरीपाचं उधारीचं सगळं खातं टॅलीत, कोणत्या शेतकऱ्याकडे बियाणं-खताचे किती बाकी ते सगळं त्यातच. रोज संध्याकाळी ते न चुकता डी मध्ये बॅकअप घ्यायचे. एका जूनमध्ये पहिल्या पावसाच्या वाऱ्यात लाईट येजा करत होती, आणि डिस्क गेली. सी पण गेली, डी पण गेली. मी तेव्हा या धंद्यात नवीन होतो, मला वाटलं काढू काहीतरी, पण डिस्क दिसतच नव्हती. काका आणि काकू महिनाभर रात्री बसून बिलबुकांच्या कार्बन कॉप्यांवरून खाती परत लिहीत होते, आणि ज्यांच्या पावत्या सापडल्या नाहीत त्यांना विचारायचं कसं म्हणून ते पैसे सोडून दिले. तेव्हापासून मी कोणाच्याही दुकानात गेलो की आधी बॅकअप कुठे आहे ते विचारतो, मग बाकीचं.

करायचं काय, तर तीन कॉप्या ठेवायच्या. एक मशीनमध्ये, एक पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक दुकानाच्या बाहेर म्हणजे घरी किंवा गूगल ड्राइव्हवर. पेनड्राइव्ह दोन घ्या, सोमवारचा एक, गुरुवारचा एक, आणि बॅकअप झाला की काढून गल्ल्यात ठेवा, मशीनला लावून ठेवू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला होता, तो फायली कुलूप लावून पैसे मागायचा. त्या जातीचे व्हायरस अजून फिरतायत आणि मशीनला जे जे जोडलेलं आहे ते सगळं ते बंद करून टाकतात. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा, कारण उघडत नसलेला बॅकअप काही कामाचा नाही. ही सेटिंग आम्ही २५० रुपयांत करून देतो आणि दुकानातल्या मुलाला शिकवून पण देतो.

हार्डडिस्कमधून टक टक आवाज येतोय, फोटो निघतील का?

ताबडतोब बंद करा. परत चालू करून बघू नका, "एकदा बघतो" म्हणून दहा वेळा चालू केलेल्या डिस्क आमच्याकडे येतात आणि तोपर्यंत आतल्या प्लेटवर चरे पडलेले असतात. असा आवाज म्हणजे वाचणारं हेड खराब झालंय. ती डिस्क साध्या खोलीत उघडायची नसते, धुळीचा एक कण पण तिला पुरतो, तिला क्लीनरूम लागते आणि ते काम मोठ्या शहरातल्या लॅबचं आहे, खर्च पण तसाच येतो. आम्ही ती उघडत नाही आणि तुम्ही पण गल्लीत कोणाला उघडू देऊ नका. आवाज नसेल, चुकून डिलीट किंवा फॉरमॅट झालं असेल, तर मात्र आम्ही करतो, फायली निघाल्या तर ८००, नाही निघाल्या तर काही नाही. फक्त डिलीट झाल्यावर त्या डिस्कवर किंवा कार्डवर नवीन काही टाकू नका.

भुईकाट्याचं वजन कॉम्प्युटरवर येणं बंद झालं.

हा फोन रात्रीचा येतो. रावेरकडच्या एका केळीवाल्या भाऊंचा असाच आला होता, गाडी काट्यावर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, इंडिकेटरवर वजन दिसतंय पण सॉफ्टवेअरमध्ये शून्य. दुपारी कोणीतरी टेबल पुसताना काट्याची यूएसबी वायर काढली होती आणि परत लावताना शेजारच्या भोकात लावली होती. तेवढ्याने विंडोजने त्या वायरीला दिलेला पोर्टचा नंबर कॉम ३ चा कॉम ५ झाला आणि सॉफ्टवेअर बिचारं ३ वरच वाट बघत बसलं. फोनवरच डिव्हाइस मॅनेजर उघडायला लावून नंबर बदलून दिला, दहा मिनिटांत गाडी निघाली. तुमच्याकडे काटा असेल तर आज एक काम करा, वायर ज्या भोकात आहे तिथे रंगीत टेप लावा आणि कॉम नंबर आणि बॉड रेट (डेटा येण्याचा वेग) कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

प्रिंटरची प्रिंट खराब येते.

लेझरला उभी काळी रेष येत असेल तर बहुतेक ड्रम खराब झालाय, टोनर नाही, परत परत रिफिल करून ती रेष जात नाही. इंक टँकवाला असेल तर आपल्या कोरड्या हवेत शाई नोझलमध्ये सुकते, आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा. हेड क्लीनिंग सारखं सारखं करू नका, ती शाई आतल्या पॅडमध्ये जाऊन साठते आणि पॅड भरलं की प्रिंटर अडून बसतो.

मराठी फाईल आमच्याकडे उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात.

समोरच्याने कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाईप केलंय आणि तो फॉन्ट तुमच्याकडे नाही. फाईल खराब नाही. तो फॉन्ट टाकला की दिसेल, पण दर वेळी तेच होणार, म्हणून युनिकोडकडे या, ते मराठी कुठल्याही मशीनवर तसंच दिसतं. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड फुकट असतो. जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलून देतो, पण बदलल्यावर पहिली वेलांटी आणि रफार एकदा डोळ्याने तपासा, चुका तिथेच होतात, आणि ग्रामपंचायतीच्या ठरावात किंवा लग्नपत्रिकेत नावाची वेलांटी चुकली तर कोणालाच चालत नाही.

लॅपटॉप चालू केला तर निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी नंबर मागतोय.

ते बिटलॉकरचं कुलूप. नवीन लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं की ते बहुतेक आपोआप लागतं, तुम्हाला कळत पण नाही, आणि बायोस अपडेट किंवा मदरबोर्डचं काम झालं की चावी मागतं. ज्या मेल आयडीने पहिल्यांदा लॅपटॉप चालू केला होता त्या आयडीने मोबाईलवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पेजवर लॉगिन करा, तिथे चावी असते. तो आयडी बऱ्याचदा विकणाऱ्याने त्याच्या मनाने बनवलेला असतो, पासवर्ड त्याच्या वहीत, म्हणून नवीन लॅपटॉप घेताना स्वतःचा मेल आयडी टाकायला लावा. चावी कुठेच सापडली नाही तर ती डिस्क आम्ही उघडू शकत नाही, मायक्रोसॉफ्ट पण नाही. फॉरमॅट करावं लागतं, डेटा जातो.

रोज तारीख मागे जाते आणि वेबसाईट उघडत नाही.

मदरबोर्डवरचा बटन सेल गेला. सीआर २०३२ लिहिलेला, घड्याळाच्या दुकानात पण मिळतो. सेल बदला, तारीख बरोबर करा, वेबसाईट पण उघडतील.

एनीडेस्कवरून करून देता का? त्यात फसवणूक होते म्हणतात.

देतो. एनीडेस्क म्हणजे लांबून तुमचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर. धुळे, शिरपूर, नंदुरबार, शहादा इथली पुष्कळ कामं तशीच होतात, १५० रुपये. पण तुमची भीती बरोबर आहे. एक नियम पक्का धरा, फोन तुम्ही केला पाहिजे. आम्ही कधीच स्वतःहून फोन करून कोड मागत नाही. काम चालू असताना तुम्ही समोर बसून बघा, बँकेचं पेज आणि मोबाईलवरचे मेसेज उघडू नका, आणि झालं की एनीडेस्क बंद करा.

अचानक स्क्रीन लाल होऊन भोंगा वाजायला लागला आणि "मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा" असं आलं तर तो नंबर लावू नका, ते नुसतं एक वेबपेज असतं. ब्राउझर टास्क मॅनेजरमधून बंद करा, गेलं. माझ्या ओळखीच्या एका रिटायर्ड सरांनी तो नंबर लावला होता, समोरचा माणूस गोड बोलत होता, तासभर लाईनवर ठेवलं आणि खात्यातून पैसे गेले. सर चार दिवस घरात कोणाला बोलले नाहीत, शरम वाटली म्हणून, आणि त्या चार दिवसांतच पैसे अडवायची वेळ निघून गेली. असं झालं तर लगेच, त्याच मिनिटाला १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन लावा आणि बँकेला कळवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधीच सांगून ठेवा की असं काही झालं तर आम्हाला सांगा, आम्ही रागावणार नाही.

क्रॅक विंडोज, क्रॅक टॅली टाकून देता का?

नाही. त्या क्रॅकमध्येच व्हायरस येतो आणि त्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला लावतात.

मशीन तुमच्याकडे ठेवलं तर आमचे फोटो कोणी बघणार नाही ना?

ताई लोक हा प्रश्न जरा अडखळत विचारतात, पण मोकळेपणाने विचारा. सफाई, बॅटरी, कीबोर्ड, स्क्रीन या कामांना पासवर्ड लागतच नाही, कोणी मागितला तर देऊ नका. जिथे लागतो तिथे काम तुमच्यासमोर करतो, बसायला खुर्ची आहे. डेटा कॉपी करून दिला तर आमच्याकडची कॉपी तुमच्यासमोर डिलीट करतो. मशीन विकायचं असेल तर डिस्क काढून घरी ठेवा, किंवा नीट पुसून घ्या, नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं.

वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट घ्यावं का?

घरी एकच मशीन असेल तर घेऊ नका, तेवढी कामंच निघत नाहीत. दुकानात किंवा ऑफिसात चार-पाच मशीन असतील, नेटवर्क असेल, तर घ्या, एका मशीनचे वर्षाला १२०० रुपये, त्यात महिन्याला एक चक्कर, सफाई, बॅकअप तपासणी. पार्टचे पैसे वेगळे.

रिटर्नच्या तारखेलाच मशीन बंद पडलं तर?

जीएसटीच्या ११ आणि २० तारखेच्या आदल्या दोन दिवसांत आम्ही बाकीची कामं पुढे ढकलतो आणि आधी ही घेतो. रात्री दहापर्यंत फोन करा. तुमचं मशीन त्या दिवशी होणार नसेल तर आमच्याकडे एक जास्तीचा लॅपटॉप तयार ठेवलेला असतो, त्याच्यावर तुमचं लायसन्स आणि बॅकअप टाकून काम काढून देतो. येताना बॅकअपचा पेनड्राइव्ह आणि टॅलीचा सिरियल नंबर सोबत आणा.